माझ्या जाऊबाईंचा दोर

हेल्मी माझी थोरली जाऊ. आमचं बावीस वर्षं पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी तिचं कौतुक करायला लागले की कुणीतरी म्हणेल, घरचीच बाई, बोलणारच. पटलं नाही म्हणजे भांडणं झाली असंही नाही. भांडायला समोरच्याने तोंड उघडावं लागतं. हेल्मी तोंड उघडायची ती पाकिटावरचं नाव वाचायला. आणि मी? आमच्या उत्तरेच्या थंड समुद्रातल्या किह्नू बेटावर कुणाचंही लग्न असो, गाण्याची ओळ मी टाकायची आणि मागच्या बायकांनी ती उचलायची, असं तीस वर्षं चालत आलंय. लाइनेचा गळा म्हटलं की पलीकडच्या गावातही माना डोलतात. तर अशी मी बडबडी आणि अशी ती घुमी, एका अंगणात, एका विहिरीवर. आमच्या सासूबाईंनी काय काय सोसलं असेल ते त्याच जाणोत.

चौतीस वर्षं तिने बेटावर टपाल वाटलं. जुनी मोटरसायकल, तिला बाजूने जोडलेला डबा, डब्यात थैली, आणि पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी घागरा वाऱ्याने उडू नये म्हणून गुडघ्याखाली घट्ट खोचलेला. थोरले दीर समुद्रावर गेले ते परत आले नाहीत, त्या हिवाळ्यात तिने लाल घागरा पेटीत ठेवला, सुतकातला काळा-निळा घातला आणि चौथ्या दिवशी टपाल घेऊन निघाली. मला असा राग आला होता! रडायचं सोडून ही बया पत्रं वाटत फिरते, असं मी चारजणींत बोललेही. कुणीतरी ते तिच्या कानावर घातलं. तिने माझं पत्र नेहमीसारखं दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि गेली.

तिचा बाप मिह्केल सीलची शिकार करायचा. बेटावर त्याच्याइतका पटाईत दुसरा नव्हता. उजव्या हाताचं मधलं बोट काठीसारखं ताठ. एका सीलने चावा घेतला आणि सीलच्या तोंडातली घाण सांध्यात गेली. शिकारी त्याला सीलबोट म्हणतात. त्याच बोटाने तो मुलीला समुद्र दाखवायचा. म्हणायचा, पिल्लू दिसलं की पिल्लाकडे बघत बसू नकोस, पाण्याकडे बघ. आई तिथेच असते आणि तुझ्याकडे बघत असते. हे त्याला कुठून कळलं? तर तो बर्फाच्या ढिगामागे लपून बसायचा आणि पिल्लाला पाजायला आई वर आली की गोळी घालायचा. नऊ वर्षांची हेल्मी एकदा बापाला काळा पाव आणि मासे द्यायला बर्फावर गेली आणि तिने ते सगळं पाहिलं. त्या हिवाळ्यात तिने मांसाला हात लावला नाही. आईने कान उपटले, बाप काही बोलला नाही. हे तिने मला आयुष्यात एकदाच सांगितलं, बटाटे काढताना, आणि पुन्हा वाकून कामाला लागली.

आता माझ्याकडे येते. जड जातंय, पण हे सांगितल्याशिवाय हेल्मी कळायची नाही.

पूर्वी समुद्र गोठायचा. सीलची पिल्लं लांब बर्फावर जन्मायची, आम्हा बायकांना ती दिसायचीही नाहीत. मग हिवाळे बिघडले, बर्फ धरेना, आणि पोटुशा माद्या आमच्या दगडगोट्यांवर येऊन बाळंत व्हायला लागल्या. नऊ वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी वाहून आलेली लाकडं गोळा करायला उत्तरेच्या किनाऱ्यावर गेले होते. दोन दगडांच्या मधे एक पांढरंशुभ्र पिल्लू पडलेलं. टपोरे काळे डोळे, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि रडणं अगदी तान्ह्या मुलासारखं. माझा जीव कळवळला. डोळ्यांतलं ते पाणी नेहमीच गळतं, त्याचा दुःखाशी काही संबंध नसतो, हे मला नंतर कळलं. वारा तर असा की कान गळून पडावेत. आणि आम्ही पडलो किह्नूच्या बायका! थंडीत उघडी पडलेली कुठलीही गोष्ट दिसली, माणूस असो, वासरू असो, पाण्याचा नळ असो, आम्ही ती लोकरीत गुंडाळतो. जन्मल्यापासून हातात सुया. दुसरं काही सुचतच नाही. मी धावत घरी गेले. माझ्या लेकीच्या, तियूच्या, लग्नाच्या पेटीत ठेवायला विणलेली लाल पट्ट्यांची घोंगडी काढली, त्या चौदा-पंधरा किलोच्या धुडाला तिच्यात गुंडाळलं आणि उराशी धरून घरी आणलं.

चूल पेटवली. गाईचं दूध कोमट करून बाटलीने पाजलं. माझंच मला इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! दुपारी हेल्मी टपाल घेऊन आली. दारातच थांबली. चुलीशेजारी घोंगडीत गुंडाळलेलं ते पिल्लू बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"जिथून उचललंस तिथे नेऊन ठेव, लाइने. आत्ताच्या आत्ता. त्याची आई पाण्यात वाट बघत असेल."

मी फणकारले. "तुमच्या बापाने जन्मभर ह्यांच्या आया मारल्या, जाऊबाई. तुम्ही मला माया शिकवू नका."

 तिने थैली उचलली आणि गेली. आणि मला वाटलं, जिंकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू मेलं. उबेत, घोंगडीत, पोट फुगून. समुद्रापलीकडच्या पर्नू शहरातून जनावरांचा डॉक्टर आला, तरुण मुलगा, बोटीतून उतरला तोच चिडलेला. आमच्या अंगणातच त्याने पिल्लू उघडून बघितलं आणि जमलेल्या दहा-बारा जणांना ऐकू जाईल असं सांगितलं. गाईचं दूध त्याच्या पोटात नासलं. त्याचं अंग बर्फावर तगायला बनवलेलं, ते चुलीशेजारी लोकरीत गुंडाळल्यावर आतून उकडलं. आणि येताना कोळ्यांनी त्याला सांगितलं होतं की दोन दिवस एक मादी उत्तरेच्या किनाऱ्यापाशी डोकं वर काढून येरझारा घालतेय. मग त्याने विचारलं, कुणी उचललं हे?

माझी जीभ टाळूला चिकटली. जिला आयुष्यात कधी शब्द कमी पडला नाही, ती मी, माझ्याच अंगणात, माझ्याच घोंगडीकडे बघत मुक्यासारखी उभी.  आणि मागून आवाज आला, "मी."

हेल्मी होती. डॉक्टरने तिला सगळ्यांदेखत झाडलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. माझे यजमान, कालेव, खरं काय ते जाणून होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नजर चुकवली. पुढे दुकानात, चर्चच्या पायरीवर, बोटीच्या धक्क्यावर लोक म्हणायचे, शिकाऱ्याचीच पोर ती, तिच्या हातून दुसरं काय होणार. मी ऐकायचे आणि मूग गिळून बसायचे. तिने असं का केलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं असतं तर आधी कबूल करावं लागलं असतं ना!

पण त्या दिवशी एक झालं. डॉक्टरचा राग ओसरल्यावर त्याने तिला बसवून सगळं नीट समजावलं, आणि तिने ते टपालाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी बापाचा शिकारीचा दोर माळ्यावरून काढला. बर्चच्या खुंट्या तासल्या. लांबून दिसाव्यात म्हणून प्रत्येक खुंटीच्या टोकाला लाल लोकर बांधली. लोकरीचा सीलला एवढाच काय तो उपयोग.

त्यानंतरचे चार हिवाळे मी तिला बघत होते. पिल्लू दिसल्याची खबर आली की ती टपाल वाटता वाटता तिकडे वळायची, लांबून, किमान पन्नास पावलांवरून, खुंट्या ठोकून दोर लावायची, डॉक्टरला फोन करायची आणि झुडपाआड बसून पाण्याकडे बघायची. पिल्लाकडे नाही, पाण्याकडे. खरं कष्टाचं काम सील सांभाळण्याचं नव्हतंच, माणसं सांभाळण्याचं होतं. एकदा आमचे पाद्रीबुवा पिल्लावर बादलीभर पाणी ओतायला निघाले, मासाच तो, सुकून मरेल म्हणून. हिने त्यांच्या हातातून बादली काढून घेतली आणि सांगितलं, बाबा, पांढरी लव आहे तोवर त्याला कोरडंच राहू द्यायचं असतं. एकदा कालेव आणि त्यांचे दोन दोस्त पिल्लाला फळीवर घालून समुद्रात सोडणार होते. घरी पाठवतो म्हणे! ही त्यांच्या आणि पिल्लाच्या मधे जाऊन उभी राहिली. घर त्याचं हेच आहे, पाण्यात ढकललंत तर बुडेल, एवढंच बोलली. फोटो काढायला जवळ सरकणाऱ्यांना ती बापाच्या सीलबोटाची गोष्ट ऐकवायची. आणि कुत्रा मोकळा सोडणाऱ्याला काय ऐकवायची ते मी इथे सांगत नाही, पण घुम्या बाईला इतके शब्द येतात हे मला तेव्हाच कळलं.

चार हिवाळ्यांत अकरा पिल्लं आली. दोन मेली, एक जन्मतःच अशक्त होतं, एकाची आई जाळ्यात सापडली. नऊ मोठी होऊन समुद्रात गेली. हा हिशेब तिने ठेवला नव्हता, मी ठेवला होता.

मग तियूचं लग्न ठरलं. मुलगा तानेल, बेटाच्या दक्षिण टोकाला त्यांचं घर. त्याची आई रोसी, म्हणजे माझी विहीण, जुन्या वळणाची आणि तिखट. लग्न शनिवारी, आणि सोमवारपासून ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास सुरू होणार. उपवासात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत. म्हणजे शनिवार हुकला तर पुढे दोन महिने नाही. बिअर गाळून झालेली, डुकरं कापून झालेली, पर्नूहून पाहुणे येऊन ठेपलेले.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळ्या रोसीच्या अंगणात बाकं पुसत होतो. तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. हेल्मी उतरली आणि सरळ आमच्यात येऊन उभी राहिली. टपालाचं जाकीट अंगावर, डोळे लाल. तिने सांगितलं ते असं. घराच्या अलीकडे रस्ता जिथे किनाऱ्याला लागून जातो तिथे गुरुवारी पिल्लू जन्मलंय, रस्त्यापासून तीस पावलांवर. काल दुपारपासून ट्रका जाताहेत, बाकं उतरताहेत, माणसं ओरडताहेत. मादी पहाटेपासून दोनदा दगडांपर्यंत आली आणि दोनदा परत फिरली. पिल्लू काल दुपारपासून उपाशी आहे. नुकतंच जन्मलेलं, अंगावर चरबी नाही. आज सगळं सामान जंगलाच्या वाटेने डोक्यावरून आणा, आणि उद्या वरात पिल्लाजवळच्या तीनशे पावलांत चालत न्या, आवाज न करता. उद्या दुपारी पुन्हा घाबरून ती खोल पाण्यात गेली तर परत यायची नाही, असं तिने शांतपणे सांगितलं.

 वरातीला दुसरी वाट नव्हती. जंगलातून नवरीला नेत नाहीत, आणि आल्या वाटेने वळवायची तर त्याहून नाही. पण खरी अडचण ती नव्हती. आमच्याकडे नवरी चर्चमधून निघाली की सासरच्या उंबऱ्यापर्यंत गाणं तुटता कामा नये. ते तुटलं तर संसार तुटतो, असं मानतात. गप्प चालत जातात ते फक्त शवपेटीच्या मागून.

रोसीने हातातलं फडकं बाकावर आपटलं. "माझ्या सुनेला मढ्यासारखी आणायची का घरात? आणि कुणाच्या सांगण्यावरून? तुझ्या हाताने मेलेलं पिल्लू अजून विसरले नाहीत लोक, हेल्मी. आता तू आम्हाला शहाणपण शिकवणार?"

मी हेल्मीकडे बघत होते. आता बोलेल, असं वाटलं. एक वाक्य पुरलं असतं तिला. माझं तोंड माझ्या विहिणीसमोर, लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, बंद करायला एक वाक्य. आणि मग लोकांनी तिचं ऐकलंही असतं. ती बोलली नाही. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. ती मान वळवून पाण्याच्या दिशेने बघत होती.

तेव्हा मला कळलं की ही बाई मरेपर्यंत बोलणार नाही. पाच वर्षं मी तिच्या मानेवर पाय देऊन उभी होते, आणि ती हललीही नव्हती, मी पडेन म्हणून. मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू.

"ते पिल्लू माझ्या हाताने मेलं, विहीणबाई," मी म्हटलं. आवाज माझा, पण फुटका. "मी उचललं. मी लोकरीत गुंडाळलं. तियूच्या पेटीतल्या घोंगडीत. जाऊबाईंनी मला परत नेऊन ठेवायला सांगितलं होतं, आणि मी त्यांचा बाप काढला."

 तियूने माझ्याकडे असं बघितलं, जणू तिची आई कुणीतरी बदलून ठेवलीय. रोसीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता लग्न मोडतं. लोकांच्या तोंडाला वर्षभराचं खाद्य मिळालं होतं.

"आणि उद्या तिथे मी गाणार नाही," मी म्हटलं.

पहिली बोलली ती तियू. मी चालत येईन, म्हणाली, गाड्या अलीकडेच उभ्या करा. काकू म्हणते तसंच करायचं. काकू म्हणजे हेल्मी. मग सगळ्यांनी रोसीकडे बघितलं, कारण उंबरा तिचा होता. म्हातारी बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिली. घडी चांगली होती, तरी मोडून परत घातली.

"ओळ टाकतं कोण?" तिने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"आणि उचलतो आम्ही. मग तू दोराच्या अलीकडे ओळ टाक. आम्ही ती दोराच्या पलीकडे उचलू. ओळ टाकली आणि उचलली जायचीय, तोवर गाणं तुटलं असं कोण म्हणतो ते बघते मी."

तीस वर्षं मी गातेय, मला हे सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी माझ्या विहिणीच्या पाया पडले नाही एवढंच. सामान जंगलातून आलं. बाकं, पिंपं, पातेली, सगळं पुरुषांनी डोक्यावरून वाहिलं, शिव्या देत, पण हळू आवाजात.

शनिवारी दुपारी चर्चमधून निघालो. साठ-सत्तर माणसं, ढोलासारखी वाजणारी जुनी ट्रक पुढे, आणि आम्ही गात मागच्या गाड्यांत. पहिली लाल लोकर दिसली तिथे गाड्या थांबल्या. सगळे उतरले. तानेलच्या मामाने कुत्र्याला कोटाच्या आत घेऊन बटणं लावली. एका आईने तान्ह्याच्या तोंडात पावाचा तुकडा कोंबला. मी श्वास घेतला आणि ओळ टाकली. नवरी निघाली गं घरी, एवढीच. आणि ती तशीच हवेत सोडून दिली.

मग आम्ही चाललो. तीनशे पावलं. मी लग्नांत आयुष्य घालवलंय, पण घागऱ्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. लोकर लोकरीला घासते तो. शिंपले पायाखाली करकरले की सगळे दचकायचे. तियू सर्वांत पुढे, लाल घागऱ्यात, डोकं झाकलेलं, तानेलचा हात धरून. कुणी हसलं नाही, कुणी खोकललं नाही. पिंपभर बिअर पिऊन आलेले दोघे होते, ते तर देवळात असल्यासारखे चालत होते. मधे उजव्या हाताला एक पांढरा ठिपका पडलेला, न हलणारा. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी पाण्याकडे बघितलं. आणि लांब, दोन लाटांच्या मधे, एक काळं ओलं डोकं होतं. ते आमच्याकडेच बघत होतं.

हेल्मी दोराजवळ झुडपाच्या आड बसली होती. लग्नाचे कपडे नव्हते अंगावर, तेच टपालाचं जाकीट. नवरीची थोरली काकू. लग्नघरात तिचं पहिल्या रांगेतलं बाक होतं. तियू तिच्या समोरून जाताना थांबली आणि मान लववली, जशी उंबऱ्यावर सासूसमोर लववतात तशी. हेल्मीने हातानेच पुढे चल म्हणून खूण केली.

वळण आलं, झुडपं मागे पडली, रोसीचं घर दिसायला लागलं. रोसीने मागे वळून बघितलं, बोट वर केलं, आणि सगळ्या बायकांनी, हो, त्या दिवशी पुरुषांनीसुद्धा, माझी ओळ उचलली. मी इतक्या लग्नांत ओळी टाकल्या, पण माझी ओळ अशी कुणी उचलली नव्हती. मला पुढची टाकताच येईना. तियू हसत म्हणाली, आई, आता तू तोडू नकोस.

जेवणं सुरू झाली, पण कुणाचं लक्ष ताटात नव्हतं. रस्सा वाढणारी बाईसुद्धा दाराकडे बघत वाढत होती. पुढच्या रांगेतलं एक बाक रिकामं, आणि त्याच्यावर कुणी बसेना. अंधार पडायच्या सुमाराला दार उघडलं. हेल्मी आत आली, टोपी काढली, बाकावर बसली.

"आली," ती म्हणाली. "दोनदा पाजलं. रस्सा आहे का?"

काय गदारोळ उठला म्हणून सांगू! पाद्रीबुवा टेबल बडवत होते. आमच्याकडे नवरी पेटीतली हातमोज्यांची पहिली जोडी सासूला देते. रोसीने ती घेतली, बघितली, उठून हेल्मीच्या मांडीवर ठेवली आणि परत जागेवर जाऊन बसली. हेल्मीने हातमोजे घालून बघितले. घट्ट होत होते, पण काढले नाहीत.

मी तिच्यासाठी रस्सा घेऊन गेले. शेजारी बसले आणि पाच वर्षं न विचारलेलं विचारलं. का सांगितलंत मी म्हणून?

तिने दोन चमचे रस्सा खाल्ला. "तुझं नाव घेतलं असतं, तर तू जन्मात परत कुठल्या पिल्लाच्या वाटेला गेली नसतीस," ती म्हणाली. "आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर माझी मोटरसायकल जात नाही. मला तिथे माणूस हवं होतं."

म्हणजे पाच वर्षं ती माझी वाट बघत होती, पाण्याकडे बघावं तशी. मी रडले आणि हसले, आणि तिने मला रुमाल दिला, टपालाच्या थैलीतला, शाईचा डाग पडलेला.

त्या पिल्लाने तीन आठवड्यांनी पांढरी लव टाकली आणि एका सकाळी ते गेलं. हेल्मी आता एकाहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत, टपाल दुसरी मुलगी वाटते. दोर माझ्याकडे आहे. उत्तरेचा किनारा माझा, दक्षिणेचा तियूचा. ह्या फेब्रुवारीत माझ्या किनाऱ्यावर तीन आली आणि तिन्ही गेली. रात्री घरी आले की मी आधी तिच्या दारात जाऊन आकडा सांगते, मग चूल पेटवते. माझ्या जाऊबाईंनी हे सगळं सुरू केलं, हे मी बेटावर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि छाती पुढे काढून सांगते.

मागच्या महिन्यात राजधानीतून एक बाई आली होती. चांगली, मायाळू बाई. पिल्लू बघून तिचे डोळे भरून आले आणि ती गळ्यातली शाल सोडवायला लागली. मी दोराच्या अलीकडूनच म्हटलं, शाल अंगावरच असू द्या, बाई. ती रागावली. बिचारं थंडीने मरतंय, तुम्हाला कसं कळत नाही, आणि तुम्हाला कुणी सांगितलं हे?

"माझ्या हाताने एक मेलंय," मी म्हटलं.

हे मी प्रत्येकाला सांगते. मग ते मागे सरकतात, आणि माझ्याबरोबर पाण्याकडे बघत उभे राहतात.